बटणाखालचा धागा

पोस्टाच्या रांगेत तिच्या पुढे उभा असलेला माणूस मागे वळला, तेव्हा तिनं त्याचा चेहरा पाहिलाच नाही. तिची नजर गेली ती थेट त्याच्या कोटावर. वरून दुसरं बटण नव्हतं. त्या जागी करड्या धाग्याचं एक टोक तेवढं उरलं होतं आणि उघड्या दारातून येणाऱ्या वाऱ्यावर हलकेच थरथरत होतं.

बाहेर भुरभुर चालली होती, छत्री उघडावी तर हसू येईल आणि न उघडावी तर केस ओले होतील अशी.

"काही सांडलंय का अंगावर?" त्यानं विचारलं.

"सांडलं नाही, पडलंय. बटण."

त्यानं खाली पाहिलं, रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "अरेच्चा. आत्ताच पडलं की काय?"

"पडलं आत्ता असेल, पण धागा पुष्कळ दिवसांपासून झिजत आला होता. टोक बघा, कसं पिंजलंय."

आता त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. हसू त्याच्या ओठांवर यायच्या आधी चष्म्याआडच्या डोळ्यांत आलं. "तुम्ही पोलिसांत आहात?"

"बटणांत आहे," ती म्हणाली, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. कारण हे वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली होती.

खरं तर ती बटणांत येऊन थोडेच दिवस झाले होते. त्याआधी ती एका दूरच्या शहरात, प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. मग आत्याची नजर अधू झाली, आत्यानं शिवणकाम बंद केलं, आणि मागच्या खोलीतली भिंतभर खणांची बटणं कुणाला द्यायची हा प्रश्न घरात उभा राहिला. शिंपल्याची, लाकडाची, पितळेची, आता कुठेच न मिळणारी बटणं. आई म्हणाली, भंगारात द्या. आत्या नुसती एक खण उघडून त्यात बोटं फिरवत बसली. ते पाहून तिनं रजा टाकली आणि इंटरनेटवर दुकान उघडलं.

साइट दादानं करून दिली. दुकानाचा नियम साधा होता. तुमचं एक बटण हरवलंय? मग उरलेल्यांपैकी एकाचा, शेजारी नाणं ठेवून, खिडकीच्या उजेडात फोटो काढा. जिथून बटण तुटलं तिथला उरलेला धागा पाकिटातून पाठवा, म्हणजे बटणासोबत त्याच रंगाचा दोराही येईल. आणि जोड अगदी तंतोतंत नसेल, तर काय फरक आहे ते ती आधीच लिहून कळवायची. साइटच्या माथ्यावर फक्त एक आकडा होता. आतापर्यंत जुळलेली बटणं: शून्य.

"मोजपट्टे," दादा म्हणाला होता. लहानपणापासून तो तिला याच नावानं हाक मारायचा, कारण ती पोळीचासुद्धा व्यास मोजायची. "शून्य बघून कोण येणार? चार खोटे अभिप्राय टाकू या. सगळेच टाकतात." तिनं नकारार्थी मान हलवली. दादानं हात टेकले.

प्रयोगशाळेतल्या सरांनी तिची जागा थंडी संपेपर्यंत राखून ठेवली होती. तोवर खरी गिऱ्हाइकं आली तर थांबायचं, नाही तर बॅग भरायची. तिनं स्वतःशी केलेला हा करार होता आणि त्यात फसवाफसवीला जागा नव्हती.

कोटवाल्याचं चष्म्याचं दुकान पोस्टाच्या समोरच निघालं. त्या दिवशी तिनं पर्समधून चिमटा काढला, भर रांगेत त्याच्या कोटावरचा धागा अलगद सोडवला आणि कागदी पुडीत ठेवला. तो श्वास रोखून उभा होता. इतक्या जवळून त्याचा वास आला... काचा पुसायच्या पाण्याचा. स्वच्छ, थंड, जरासा गोडसर.

"ही माझी पहिली ऑर्डर," ती म्हणाली.

पण ती ऑर्डर काही पुरी होईना. त्याच्या कोटाची बटणं तपकिरी होती, चहात नुकताच दुधाचा थेंब पडावा तशी आत पांढरट वलयं असलेली. तिनं खणामागून खण पालथे घातले. वलय जुळलं तर आकार जुळायचा नाही. "सापडलं?" तो दर वेळी विचारायचा. "शोधतेय," ती म्हणायची. आणि दोघांनाही का कोण जाणे, बरं वाटायचं.

मग पोस्टाची वाट दुहेरी झाली. ती पोस्टात शिरली की समोरच्या दुकानाच्या दारावरची घंटा वाजायची आणि तो दोन हातांत दोन कप घेऊन रस्ता ओलांडायचा. एकदा त्यानं तिला एक भिंग दिलं, पितळी कडेचं, जुनं. म्हणाला, डोळे ताणू नका, सुंदर आहेत. मग गडबडून म्हणाला, म्हणजे... व्यवसायाच्या दृष्टीनं सांगतोय. परतताना ती भिंगातून सगळं पाहत गेली. पानावरचा थेंब, भिंतीवरचं शेवाळ, स्वतःच्या तळहाताच्या रेषा. सगळंच मोठं आणि नवीन दिसत होतं.

सरांनी राखून ठेवलेल्या जागेबद्दल तिनं त्याला सांगितलं, तेव्हा तो कितीतरी वेळ स्वच्छ चष्मा पुसत राहिला.

"थंडी संपेपर्यंत," तो म्हणाला.

"हो."

"चांगली नोकरी आहे."

"चांगली आहे," ती म्हणाली. त्यानं आणखी काहीतरी बोलावं म्हणून ती कप संपल्यावरही थांबली. त्यानं रिकामे कप उचलले.

आणि मग ऑर्डरी येऊ लागल्या. कुणा गृहस्थाचा सदरा, कुणा मुलीचा झगा, कुणाचं जाकीट. साइटवरचा आकडा चढायला लागला. पाकीट आलं की आत्या चाचपडत दारापर्यंत यायची आणि विचारायची, "कसलं गं? शिंपल्याचं?" आणि हातात घेऊन स्पर्शानंच ओळखायची. आत्याचं हसू कितीतरी दिवसांनी घरात ऐकू आलं. तिनं धावत जाऊन त्याला सांगितलं. तो नुसता हसला. जरा जास्तच हसला, हे तिला नंतर आठवलं.

एका दुपारी ऊन खिडकीतून टेबलावर उतरलं होतं. धाग्यांच्या रंगांचा तक्ता करावा म्हणून तिनं सगळ्या पुड्या उघडल्या आणि भिंग डोळ्याला लावलं. झिजून तुटलेल्या धाग्याचं टोक झाडूसारखं पिंजलेलं असतं. पहिल्या पुडीतलं होतंच तसं, कोटाचं. पण पुढचं टोक सपाट होतं. त्याच्या पुढचंही. आणि त्याच्याही पुढचं. बारीक, धारदार कात्रीनं कापलेलं. तिनं पुडी नाकाशी नेली. स्वच्छ, थंड, जरासा गोडसर वास.

ती तशीच बसून राहिली. ऊन टेबलावरून खाली सरकलं, तरी.

त्याच्या दुकानात शिरताना घंटा वाजली. तिनं पुड्या काउंटरवर मांडल्या आणि त्यावर भिंग ठेवलं.

त्यानं पाहिलं. नाटक केलं नाही, हे मात्र खरं. "मामाचा सदरा," तो हळूच म्हणाला. "हा मावसबहिणीचा झगा. हे... माझंच जाकीट."

"चांगली बटणं कापलीत तुम्ही."

"तुम्ही जाणार होतात."

"म्हणून? मी एक प्रयोग मांडला होता. माझ्यासाठी. हे दुकान चालतं का, एवढंच मला बघायचं होतं. आणि तुम्ही मागून येऊन त्यात साखर घातलीत. आता चव घेऊन मी काय ठरवू? आत्या हसली त्या पाकिटांवर. ते हसूसुद्धा आता खरं की खोटं, मला सांगता येत नाही."

"मला वाटलं, थोडी मदत होईल..."

"मदत करायची होती तर एक वाक्य बोलायचं होतं. कात्री कशाला लागत होती?"

ती निघाली. भिंग तिथेच राहिलं.

घरी येऊन तिनं साइटवरचा आकडा खाली आणला आणि शेजारी लिहिलं, काही मागण्या एका हितचिंतकाच्या होत्या, खऱ्या नव्हत्या, म्हणून काढल्या. सगळे पैसे परत केले. त्याच्या मामांनी गोंधळून दोनदा विचारलं म्हणे, सदऱ्याचं काही चुकलं का? दादानं ती ओळ वाचली आणि डोक्याला हात लावला. "आपला खप आपणच कमी करणारी दुकानदार मी पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला. पण ती ओळ काढ, असं काही तो म्हणाला नाही.

आत्याला सगळं सांगितलं, तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "आणि उरलेली?"

उरलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. तिनं एकेक धागा उजेडात धरला. भिंग नव्हतं, पण डोळे ताणले तरी दिसत होतं. पिंजलेला. हाही पिंजलेला. हा तर एका बँडवाल्याचा. तुतारीत जोरानं हवा भरताना त्याच्या गणवेशाचं पितळी बटण उडून प्रेक्षकांत गेलं होतं. बटण मिळाल्यावर त्यानं कळवलं होतं, तुम्ही सांगितलेला फरक आमच्या मास्तरांनाही दिसला नाही, आता ढोलवाल्याचंही सैल झालंय, तो लिहीलच. ती वाचता वाचता हसली. थोडी होती, पण खरी होती. कुणीतरी, कुठेतरी, खरोखरच बटण हरवून बसलं होतं आणि तिच्याकडे आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना फोन केला आणि जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगितलं.

हे त्याला ठाऊक नव्हतं. थंडी सरत आली होती. पोस्टाच्या रांगेत ती उभी होती, आणि तो वास आधी आला, मग पाठीमागून आवाज.

"एक वाक्य बोलायचं होतं."

ती वळली नाही. "बोला."

"जाऊ नकोस." मग घाईनं, "ऑर्डरींसाठी नाही. त्या येतील, न येतील. मी... मला रस्ता ओलांडायची सवय झालीय. दोन कप घेऊन. एका कपानं तोल जातो."

ती वळली. त्याच्या अंगावर तोच कोट होता. दुसऱ्या बटणाची जागा अजून रिकामीच.

"मी थांबलेय," ती म्हणाली. "परवाच ठरवलं. तुझ्यासाठी नाही हं, बटणांसाठी."

"चालेल," तो म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला, की तिला दुसरीकडे बघावं लागलं.

मग तिनं पर्समधून एक पुडी काढली. सुई आधीच ओवलेली होती, करड्या दोऱ्यानं. "आत्याच्या सगळ्यात खालच्या खणात मिळालं. पण अगदी तसं नाही. यातलं वलय उलट्या बाजूला वळतं. उन्हात फरक दिसेल."

"दिसू दे."

"लोक विचारतील."

"मग सांगेन, कुणी लावलं ते."

ती तिथेच, रांगेत, त्याच्या अंगावरच बटण टाचू लागली. सुई आत जायची, बाहेर यायची. दोरा ओढताना तिची बोटं कोटाला टेकायची आणि तो पहिल्या दिवशीसारखाच श्वास रोखून उभा राहायचा. शेवटची गाठ बसली तेव्हा त्यानं खिसा चाचपला. "कात्री आहे माझ्याकडे..."

"तुझ्या कात्रीवर माझा विश्वास नाही," ती म्हणाली, आणि दातानं दोरा तोडायला त्याच्या छातीशी वाकली.

दोरा केव्हाच तुटला होता. रांग पुढे सरकली होती. मागे उभ्या असलेल्या बाईंनी दोघांकडे एकदा पाहिलं, हातातलं पार्सल दुसऱ्या काखेत घेतलं, आणि काही न बोलता बाहेरची भुरभुर बघत राहिल्या.