युसुफभाईंची दोरी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यात माझ्या पदरचं काही नाही.

हे मला सांगितलं कृष्णातमामांनी, आणि त्यांना खोटं बोलायचा कंटाळा आहे. खोटं लक्षात ठेवावं लागतं, आणि मार्केटात दिवसभर कांद्याची पोती वाहणाऱ्या माणसात तेवढं त्राण उरत नाही.

साल १९९६. रंगपंचमीची भर दुपार. कोपरखैरण्यामागची खाडी.

मामा साताऱ्याकडचे. त्यांना मासेमारी शिकवली युसुफभाईंनी. युसुफभाई रायगडच्या किनाऱ्यावरचे, खाडीच्या पाण्यात वाढलेले.

"थंडी सरताना सकाळचं पानी गार असतं," ते सांगायचे. "मासा सुस्त पडून असतो. दुपारी ऊन चिखल तापवतं. मग भरतीबरोबर जिताडा काठाला येतो. गळाला जिवंत कोलंबी लाव, शिसं हलकं ठेव, आनि गप बस."

गप बसायचं मामांना बरोबर जमायचं. बसल्या बसल्या ते घोरायचे.

युसुफभाईंचा एक नियम मात्र कडक होता. शेजारचा चहाला उठला की आपल्या गळाची दोरी आपल्या हातात देतो. ती तो परत येईपर्यंत सोडायची नाही. झाडाला बांधून निघून तर मुळीच जायचं नाही. त्याने मागितली की परत द्यायची.

त्या दिवशी युसुफभाई वाशीच्या एका दवाखान्यात होते. चार दिवस शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी आशा सोडली होती.

मामांना दवाखान्यात जायचा धीर होईना. म्हणून मार्केटातून ते थेट खाडीवर आले. अंग मोडून आलं होतं. धक्क्याच्या दगडावर बसले आणि डोळे मिटले.

भरती चढत होती. बगळे ओरडत होते.

मग बगळे गप्प झाले...

"कृष्णात, जरा दोरी धर. आलो मी."

रोजचाच आवाज, रोजचंच वाक्य. मामांनी डोळे न उघडता हात पुढे केला. हातात दोरी आली.

मग त्यांना आठवलं...

युसुफभाई तर दवाखान्यात आहेत.

त्यांनी वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. ओल्या चिखलात फक्त त्यांच्याच पावलांच्या खुणा होत्या.

हातात मात्र दोरी होती. टोकाला निळ्या लुंगीची चिंधी बांधलेली. ही युसुफभाईंची खूण.

आणि पलीकडून ओढ लागत होती. मासा हिसके देतो, तसं हे नव्हतं. हळूच ताण यायचा, हळूच सुटायचा... झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा.

मामा घाबरले. पण त्याहून जास्त दमले होते. पहाटेपासून ट्रक खाली केलेले ते हात. दुपार कलली तशी बोटं सैल पडली.

दोरी सरसर पाण्यात निघाली.

आणि अगदी कानाशी...

एक लांब उसासा.

मामांनी झडप घालून दोरी पकडली. तळहात चिरला. "नाय सोडत, युसुफभाई! नाय सोडत!" ते एकटेच ओरडत होते.

मग ओहोटी लागली. सूर्य टेकेपर्यंत काठचं पाणी पार मागे गेलं. दोरी आता समोरच्या उघड्या चिखलात घुसलेली दिसत होती. तिथे मासा असणं शक्यच नव्हतं.

तरी ओढ चालूच होती...

मामांना रडू फुटलं. हात उचलवेना. शेवटी त्यांनी नियम मोडला. दोरी जवळच्या तिवराच्या खोडाला घट्ट बांधली आणि धडपडत दवाखाना गाठला.

दारातच जाहिदाभाभी भेटल्या. युसुफभाईंची बायको.

"भाई, दुपार कलताना ह्यांचा श्वासच थांबला होता. डॉक्टर धावले. पन मग आपोआप परत आला!" त्या रडत होत्या, हसत होत्या. "आता डोळे उघडले. पयलंच काय इचारलं माहीत हाय? कृष्णात कुठं हाय?"

मामांनी चिरलेला हात खिशात घातला.

युसुफभाई बरे झाले. चालू-फिरू लागले. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मामांना ते गोड लागले नाहीत.

कारण ती दोरी अजून तिथेच आहे. गाठ खोडाच्या सालीत रुतली आहे. मामा दर ओहोटीला जाऊन बघतात. तीन वर्षं झाली, खांदे गेले, गुडघे गेले, पण ते जातात. आता तिवराचं ते खोड वाळत चाललंय. परवा त्यांनी दोरीला बोट लावून पाहिलं.

ओढ होती...

गेल्या फाल्गुनात युसुफभाई घरी आले. चहा प्यायले आणि म्हणाले, "पानी तापलं असंल आता. चल खाडीवर. माझी दोरी तुझ्याकडं हाय ना? दे की परत."

मालक मागायला आला होता. पण दोरी सुटली की काय होतं, ते मामांना ठाऊक होतं.

मामा आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी खोटं बोलले. "ती व्हय? ती तुटली कवाच."

 युसुफभाई उजव्या हाताचं बोट चोळत राहिले. बोटाला बारीक वळ होता.

"तुटली म्हन्तोस," ते हळूच म्हणाले, "मग रोज झोपताना माझं बोट कोन ओढतं, कृष्णात?"