होल्यांच्या मागावर

१९४३ च्या चैत्रात आम्ही तिघं इर्शाळच्या डोंगरात गेलो, ते शाहीन ससाण्याचं घरटं शोधायला. माझा आबाजीमामा दहिवलीला मास्तर होता. मुलांना रानातले पक्षी कुळांप्रमाणे ओळखता यावेत म्हणून तो मोठा तक्ता रंगवत होता. युद्धामुळे कागद मिळेना, तेव्हा जुन्या नकाशाच्या पाठीवर! पारवा, होला, हरियाल एका, कबुतरांच्या कुळात, मुनिया दुसऱ्या, खंड्या तिसऱ्या. ससाण्याचा चौकोन तेवढा रिकामा होता. मी तेरा वर्षांची, रंगांची पिशवी सांभाळायला. वाट दाखवायला ठाकरवाडीची चिमा.

"चोच बघ, सुंदरा," मामा चालता चालता सांगे. "मुनियाची जाड, दाणे फोडायला. ससाण्याची आकडी, मांस फाडायला. चोचीवरून कूळ कळतं."

"आन माज्या नाकावरनं काय कळतं, मास्तर?"

"भलत्या ठिकाणी खुपसतेस, हे!"

चिमा खळखळून हसली.

एका अरुंद धारेवर मामाचा पाय सरकला. तो सावरला, पण खांद्यावरचा पाण्याचा भोपळा निसटला. थेट दरीत!

"मागं फिरा, मास्तर. वाडी दोन तासांवर हाय."

"ससाण्याचा कडा तर समोरच दिसतोय!" मामा पुढे निघालाच.

दुपारपर्यंत त्याचा घाम आटला. पाय अडखळू लागले. आता दोन तासांची वाट त्याच्याच्यानं होणार नव्हती. तेवढ्यात झाडीतून निळी झळक गेली.

"खंड्या! म्हणजे पाणी जवळच!" मामा ओरडला.

आम्ही त्याच्यामागे उतरत गेलो. काटे, घसरण, तापलेले दगड. अखेर खंड्या ऐनाच्या एका वाळक्या झाडावर बसला. चोचीत सरडा होता, तो त्यानं फांदीवर आपटला. खाली पाण्याचा थेंब नव्हता!

"मला इचारायचं तरी," चिमा म्हणाली. "ह्यो सरडं खातो, टोळ खातो. ह्येला वढा कशाला लागतोय?"

मामा मटकन खाली बसला. त्याच क्षणी डोक्यावरून सूं करत सावली गेली. ससाणा! तो कड्याच्या एका कपारीत शिरला.

"तिथंच घरटं..." मामा उठू गेला आणि कोसळला.

त्याचे ओठ पांढरे पडले होते. मला रडू फुटलं. रात्रभर तो असाच राहिला, तर सकाळी उठेल का?

"मामा, ससाण्याला पाणी नाही लागत?"

"शिकारीच्या रक्तामांसावर बरंच भागतं त्याचं," तो डोळे मिटूनच पुटपुटला.

"आणि कोरडे दाणे खाणाऱ्याला?"

मामानं डोळे उघडले. "त्याला रोज प्यावंच लागतं. होला!"

"होलं उन्हं कलली की जात्यात पान्यावं," चिमा म्हणाली. "सरळ. कुटं न थांबता."

आम्ही थांबलो. किती वेळ, देव जाणे. मग दोन होले गेले. पाठोपाठ पाच. सगळे एकाच दिशेला!

"उचल गं पोरी!"

मामाचा एक हात चिमाच्या गळ्यात, एक माझ्या. चालायचं. होले दिसेनासे झाले की थांबायचं. पुढचे आले की पुन्हा चालायचं. शेवटी एका खडकाखाली, उंबराच्या सावलीत, परातीएवढं पाणी दिसलं!

मामा थोडं प्यायला, आम्हीही प्यायलो. तो तिथंच आडवा होणार तोच चिमा म्हणाली, "आता उटा. लांब बसा. ही येळ त्येंची हाय."

"पाय हलत नाहीत गं, चिमा."

"मंग रांगा! त्येंनी पन दिसभर वाट बघितलीया."

वाडीतली माणसं रानातल्या पाण्यावर कधी रेंगाळत नसत. मास्तरासाठीसुद्धा ती रीत मोडायला चिमा तयार नव्हती. आम्ही वीस पावलं रांगत गेलो.

फांदीवरचे होले मग उतरले. चोच बुडवून, मान वर न करता ते पाणी ओढू लागले. शेजारी मुनिया घोटाघोटाला मान वर करत होत्या. मामानं दाखवलं नसतं, तर हा फरक मला दिसलाही नसता.

ससाण्याची कपार समोर उन्हात उजळली होती.

"उद्या चढायचं?" मी विचारलं.

"कशात पाणी नेणार? उद्या उजाडताच वाडीत उतरू," मामा म्हणाला. "तू मला इथवर ओढत आणलंस, पोरी. आता आणखी ओढायला नाही लावणार."

त्याचे ओठ अजून कोरडेच होते. आणखी चार घोट हवे होते. पण शेवटचा होला उडेपर्यंत तो जागचा हलला नाही.