डिकीतली हवाबंद पेटी

गाडीच्या डिकीत वूफरची पेटी बसवणं दिसतं तितकं सोपं नाही, असं पेटीवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. गिऱ्हाईक मोबाइलमध्ये डोकं घालायचं. पण काम खरोखरच नाजूक. फळ्या नेमक्या कापायच्या, सांधे गोंदानं चिकटवायचे, आतून सगळ्या कडांना सिलिकॉन फिरवायचं आणि ते नीट सुकू द्यायचं. सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी हवा निसटते आणि ढोलाचा डबा होतो. त्याच्या हातची पेटी पाण्यात टाकली तर होडीसारखी तरंगेल, अशी ख्याती होती. ती त्यानंच पसरवली होती, हा भाग वेगळा.

पेटी बंद करण्याआधीची त्याची एक सवय होती, उस्तादाकडून आलेली. वूफरसाठी कापलेल्या गोल भोकाला तोंड लावायचं आणि विचारायचं, "आत कोणी आहे का?" त्यात निम्मी थट्टा, निम्मं काम. आवाज घुमत परत आला तर आत कापूस कमी पडलाय. आतल्या आत विरला तर पेटी पास.

अडचण एवढीच, की आवाज परत आला की विरला, हे पेटीवाल्याला आताशा कळत नव्हतं. जन्मभर बेसचे दणके खाऊन उजवा कान पार गेला होता आणि डावा त्याच्याच वाटेवर होता. समोरचा बोलला की तो ओठांकडे बघायचा. पाठमोरा असला की सरळ हो म्हणून मान हलवायचा. मान हलवणाऱ्याशी जग भांडत नाही, हा शोध त्याला लागला होता.

बायकोला संशय होता. तिच्या भावाला तर खात्रीच. "भावोजी, ऐकू येत नसेल तर तसं सांगा. माझ्या गोदामात एक खुर्ची रिकामी आहे," असं तो चारचौघांत म्हणायचा. त्या खुर्चीवर बसून मेहुण्याची खोकी राखायची, या कल्पनेनंच पेटीवाल्याला घाम फुटायचा. बहिऱ्याकडून आवाज कोण बसवून घेणार? बातमी फुटली की दुकानाला कुलूप.

आणि त्या दिवशी डिकी मेहुण्याचीच होती. गाडी न्यायला आणि भावोजींचे कान पारखायला तो संध्याकाळी येणार होता.

दुपारी बायको डबा घेऊन आली आणि मागं स्टुलावर टेकली. पेटी डिकीत आवळून झाली होती. पेटीवाल्यानं आत कापूस भरला, कमरेपर्यंत डिकीत शिरला आणि भोकाला तोंड लावून विचारलं, "आत कोणी आहे का?" क्षणभर ऐकल्यासारखा चेहरा केला. मागून बायको काहीतरी म्हणाली असावी. त्यानं मान हलवली, वूफर भोकात बसवला आणि स्क्रू पिळत गेला.

मग शेवटची परीक्षा. वूफरच्या पडद्यावर बोटं टेकवून हलकेच आत दाबायचं आणि सोडायचं. पडदा फटकन वर आला तर कुठून तरी हवा पळतेय. सावकाश आला तर पेटी हवाबंद.

त्यानं दाबलं. पडदा सावकाश जागेवर आला. मग तसाच सावकाश आणखी बाहेर आला, थबकला आणि आत गेला.

पुन्हा बाहेर आला.

उन्हानं पत्रा तापलाय, आतली हवा फुगली असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. पण फुगलेली हवा अशी ये-जा करत नाही. आणि तारा तर अजून जोडल्याही नव्हत्या.

तो वळला. बायको स्टुलावरून उठून भिंतीला चिकटली होती. आता तिचे ओठ दिसत होते.

"अहो, मी नको म्हणत होते ना? तरी बंद केलंत?"

"काय नको?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा ते म्हणालं, आहे." ती थांबली. "तुम्हाला ऐकू आलं ना?"

झाली पंचाईत. नाही म्हणावं तर गोदामातली खुर्ची. हो म्हणावं तर ही पेटी.

"आलं की," पेटीवाला म्हणाला. "तुझ्या भाच्यांचं बोलकं खेळणं पडलं असेल आत."

बोलून गेला, तेव्हा उघडून दाखवणं आलं. त्यानं वूफर काढला, मुठी भरभरून कापूस बाहेर ओढला, बॅटरी मारली. कोरे कोपरे आणि सिलिकॉनच्या पांढऱ्या रेघा. दुसरं काही नाही. त्यानं पुन्हा विचारलं, "आत कोणी आहे का?" या वेळी नजर पेटीवर नव्हती, बायकोच्या चेहऱ्यावर होती.

तिचे डोळे पेटीकडे गेले. मग हळूहळू त्याच्याकडे वळले.

"काय म्हणालं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही म्हणालं."

विनोद झाला होता, पण ती हसली नाही.

"ते म्हणालं, बाहेर येऊ का?"

पेटीवाल्यानं पाठ वळवली. काम पुरं करायला हवं होतं. तो कापूस आत कोंबायला वाकला, तेव्हा भोकाकडे उजवा कान होता. मेलेला.

त्या कानात, ओठ टेकवून बोलावं इतकं स्वच्छ, कोणीतरी म्हणालं, "येऊ ना?"

आणि सवयीनं त्यानं मान हलवली.

वूफर पुन्हा बसवला, त्यानंतर पडदा शहाण्यासारखा वागला. दाबला की सावकाश वर, आणि जागेवर गप्प. तारा जोडल्या, गाणं लावलं, काचा थरथरल्या. संध्याकाळी मेहुणा आला आणि मुद्दाम पाठीमागं उभा राहून पुटपुटला, "भावोजी, जुनी गाडी विकू का?"

"टायर बदल आधी," पेटीवाला न वळता म्हणाला.

खुर्चीचा विषय पुन्हा निघाला नाही. पेटीवाल्याला आता सगळं ऐकू यायचं. शेजारच्या दुकानातलं घड्याळ, भिंतीतली वाळवी, स्वयंपाकघरात बायकोनं गिळलेला आवंढा. त्याला वाटलं होतं, ती खूष होईल.

एका सकाळी तो शर्टाची बटणं लावत होता. बायको समोर येऊन उभी राहिली. तिनं बोटं त्याच्या छातीवर टेकवली, हलकेच दाबली आणि सोडली. छाती आत गेली आणि सावकाश, फार सावकाश, जागेवर आली.

मग तिनं छातीला तोंड लावलं.

"आत कोणी आहे का?"

शब्दन् शब्द त्याला नीट ऐकू आला. थट्टेवारी न्यावं म्हणून तो हसायला गेला.

त्यानं तोंड उघडायच्या आधीच आतून उत्तर आलं.