थेंब चुर्र वाजला, तरी कोंबडी कच्ची

मडक्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि तो चुर्र करून उडून गेला, म्हणजे मडकं चांगलं तापलेलं होतं. मग आतली कोंबडी हाडाजवळ कच्ची कशी राहिली?

हर्षाली म्हात्रे हा प्रश्न गेलं वर्षभर मनात घेऊन हिंडत होती. कारण तो थेंब तिनेच टाकला होता.

चिंबोरीपाड्यात दर हिवाळ्यात सगळी आळी मिळून पोपटी लावते. मडक्यात भांबुर्डा या सुवासिक रानझुडपाचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ आणि पाल्यात गुंडाळलेले कोंबडीचे तुकडे भरायचे. तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. हे काम हर्षालीच्या बाबांचं. ते मडक्यावर पाणी शिंपडायचे, कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "झाली!"

बाबा गेले त्याला दोन पावसाळे झाले. त्याच सुमारास खाडीकाठी उघड्यावर जाळ करायला बंदी आली. वारा पडला की धूर पाड्यावरच साचून राहतो, हे हवेवर नजर ठेवणाऱ्या यंत्रांनी दाखवून दिलं होतं. म्हणून गेल्या वर्षी पोपटी कोळशाच्या घुमटशेगडीत लावली. तीन पायांवर उभं असलेलं लोखंडी गोल भांडं, आत जाळी, वर घुमटासारखं झाकण आणि खाली-वर हवेचे झरोके. थेंब कोणी टाकायचा, असा प्रश्न आला तेव्हा अकरा वर्षांची हर्षाली पुढे झाली होती. थेंब चुर्र वाजला. "झाली!" ती ओरडली होती.

त्या रात्री तीन पोरं आजारी पडली. सहा वर्षांचा दर्पण दोन दिवस दवाखान्यात होता.

कोणी तिला रागावलं नाही. तेच तिला जड गेलं. शेवटी आळीतल्या थोरल्या जनाआत्याने यंदा सगळ्यांसमक्ष सांगून टाकलं, "या वर्षी शेवटची संधी. पुन्हा एकही पोर आजारी पडलं, तर पोपटी बंद. शेंगा उकडून खाऊ, काय बिघडतं?"

पोपटीच्या दिवशी सकाळीच हर्षाली अवजारघरात पोचली. पाड्यात आता कोणी घरोघरी अवजारं साठवत नसे. शिडीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळं तिथे मिळायचं. एका घराला एका दिवसात तीन वस्तू, असा नियम. नियम सांभाळायला भांडारी नावाचा जुना यंत्रमानव होता. त्याचा एक गुडघा चालताना करकरायचा.

"घुमटशेगडीचं सामान दाखव," हर्षाली म्हणाली.

भांडारीने फळी पुढे ओढली. तीसेक वस्तू होत्या. फिरती सळई, दिवा बसवलेला चिमटा, मासोळीच्या आकाराची जाळी, घासायचा ब्रश, झाकणात बसवायचा गोल तापमापक. हर्षालीने एकेक वस्तू उचलून परत ठेवली.

"यातलं सगळ्यांत चांगलं काय?"

"मला भूक लागत नाही आणि वासही येत नाही. त्यामुळे माझं मत अगदी निःपक्ष आहे," भांडारी म्हणाला. "दिव्याचा चिमटा कोणीही नेऊ नये. आता तू सांग, गेल्या वर्षी काय बिघडलं? जे बिघडलं, त्याच्यासाठी वस्तू निवडायची. जे चकाकतं त्याच्यासाठी नाही."

हर्षालीने खाली बघत सगळं सांगितलं. तिने आजवर ते एवढं सलग कोणाला सांगितलं नव्हतं.

"थेंब खोटं बोलला का?" तिने विचारलं.

"नाही. त्याला जेवढं ठाऊक होतं, तेवढं तो खरं बोलला. पाणी कितीला उकळतं?"

"शंभर अंशांना."

"म्हणजे थेंबाने सांगितलं, की मडक्याची बाहेरची कातडी शंभराच्या वर आहे. कोंबडीबद्दल तू त्याला विचारलंच नव्हतंस. उष्णता आत जाते ती रांगेतल्या माणसांनी घमेली पुढे द्यावीत तशी. तापलेला कण शेजारच्या कणाला धक्का देतो, तो त्याच्या पुढच्याला. याला उष्णतावहन (पदार्थातून उष्णतेचं पुढे सरकणं) म्हणतात. लोखंडातली रांग चपळ. माती, पाला आणि मांस यांच्यातली फार सुस्त. बाहेर शंभर झाले, तेव्हा हाडापाशी पन्नासही नसतील. आणि तिथले जंतू खात्रीने मरायला पाऊणशे अंश तरी हवेत."

"पण बाबांचा थेंब कधी चुकला नाही!" हर्षालीचा आवाज चढला.

"थेंब टाकण्याआधी ते काय करायचे?"

"काही नाही. निखारे बाजूला ओढायचे. मग उगाच बसून राहायचे. पोरांना कोडी घालायचे. आम्ही ओरडायचो, 'बाबा, टाका ना पाणी!'"

भांडारी फळीवरच्या वस्तू नीट लावू लागला. तो असं काही करू लागला, की समोरच्याने विचार करायचा असतो, हे पाड्यातल्या पोरांना माहीत होतं.

हर्षालीने विचार केला. जाळ काढून घेतला, की मडक्याला बाहेरून उष्णता मिळत नाही. आतला ऐवज थंड असेल, तर तो मडक्याची उष्णता पिऊन टाकणार. मग थेंब वाजणार नाही. आतलंही तापलेलं असेल तरच मडकं तापलेलं राहील आणि थेंब वाजेल.

"ते उगाच बसायचे नाहीत," ती हळू म्हणाली.

"नाही. आणि घुमटशेगडीत निखारे बाजूला होतच नाहीत. झाकणाखालची गरम हवा फिरत राहते आणि मडक्याची कातडी सतत तापवते. तिथे थेंब नेहमीच वाजणार."

हर्षालीने बाहीने नाक पुसलं आणि झाकणाच्या तापमापकाकडे हात नेला.

"तो कोणाचं तापमान सांगेल?" भांडारीने विचारलं.

"झाकणाखालच्या हवेचं." तिने हात मागे घेतला. "मला कोंबडीचं हवंय."

मग तिने लांब तारेचा तापमापक घेतला. त्याची टोकदार सळई मांसात खुपसायची आणि तार बाहेर काढून तिच्या टोकावरचा आकडा वाचायचा. दुसरं घेतलं कोळसा पेटवायचं धुराडं, म्हणजे खाली भोकं असलेला उंच डबा. गरम हवा वर गेली की खालून ताजी हवा ओढली जाते आणि कोळसे सगळे सारखे पेटतात. तिसरी घेतली निखाऱ्यांच्या टोपल्यांची जोडी. त्या दोन बाजूंना ठेवल्या, की मडकं मधोमध राहतं आणि एका अंगाने करपत नाही. हातमोजे नेले नाहीत. बाबांचे वेल्डिंगचे चामडी हातमोजे घरी होते. ते तिला कोपरापर्यंत यायचे.

मडक्याच्या मध्यावरचा सर्वांत जाड तुकडा तिने निवडला आणि हाडाला न टेकवता सळई त्यात खुपसली. तार पाल्यातून बाहेर काढली. चार वाजता झाकण बसलं.

सव्वापाचला अंगणात पंचवीस-तीस माणसं जमली. वास सुटला. आकडा त्रेपन्नावर होता. एवढ्यात जनाआत्याने झाकण उचललं आणि तांब्यातलं पाणी मडक्यावर मारलं.

चुर्र!

"झाली गो! काढा!"

"आत्या, झाकण लावा!" हर्षाली ओरडली. "नाही झाली!"

"आम्ही तुझ्या बापाच्या आधीपासून पोपटी खातोय," आत्या म्हणाली. "तुझं ते खेळणं आम्हाला शिकवणार?"

"गेल्या वर्षी पण वाजलं होतं, आत्या. मीच वाजवलं होतं."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. मग झाकण लावलं. "बस मग," ती पुटपुटली. "पोरं भुकेने रडली, तर तूच गप्प कर."

झाकण उघडल्याने गरम हवा निघून गेली होती. आकडा कसाबसा पुढे सरकला. साठ. त्रेसष्ट. सहासष्ट. आणि तिथेच थांबला. पाच मिनिटं गेली. सात गेली. आई जवळ येऊन उभी राहिली. हर्षालीने तार हलवून पाहिली. तापमापक बिघडला असेल तर? आपण पुन्हा चुकत असलो तर?

तिने हातमोजा काढून शेगडीसमोर दुरूनच हात धरला. धग कमी झाली होती. निखारे विझत होते का? पण कोळसा तर भरपूर होता. कोळशाला जळायला काय लागतं? हवा. ती वाकली. खालचे झरोके राखेने बुजले होते. तिने झरोक्यांचा दांडा मागेपुढे हलवला, भसकन राख खाली पडली आणि टोपल्यांतले निखारे पुन्हा लाल झाले.

सदुसष्ट. सत्तर. पोरं आता तिच्याभोवती कोंडाळं करून आकडा मोठ्याने वाचत होती. पंच्याहत्तरला एकच गलका झाला. हर्षालीला ते पुरेसं नव्हतं. तिने मडकं बाहेर काढून सुलटं केलं, तोंडाचा पाला सारला आणि सळई ओढून दुसऱ्या तुकड्यात खुपसली. तिथेही सत्त्याहत्तर दिसल्यावरच ती म्हणाली, "झाली."

सगळे जेवले. जनाआत्याने दोनदा शेंगा मागून घेतल्या. हर्षाली मात्र दर्पणच्या ताटाकडेच बघत राहिली.

सकाळी ती शाळेच्या वेळेआधीच रस्त्यावर उभी होती. गेल्या वर्षी आजारी पडलेल्यांपैकी दोघं दप्तरं घेऊन पळत गेली. दर्पणचं दार बंद होतं. साडेसात झाले. पावणेआठ झाले. ती पायरीपर्यंत गेली, पण कडी वाजवायचा धीर होईना.

दार उघडलं. दर्पण एका पायात मोजा घालून उभा होता.

"तुझं पोट दुखतंय?" तिने विचारलं.

"नाही. दुसरा मोजा सापडत नाही." त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "ताई, पुढच्या वर्षी आकडा मी वाचणार."

"तुला शंभरपर्यंत आकडे येतात?"

"पंच्याहत्तरपर्यंत येतात," दर्पण म्हणाला.