न खाल्लेला शिरा

ज्या माणसाचं तोंड जन्मात पुन्हा बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, तोच पूर्णेच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली बाटली. माझ्या हातातही तसलीच... मी ती घाईनं पदराखाली लपवली. बघायचं नव्हतं त्याच्याकडं — पण बघितलंच.

उद्धव. स्टेशनातला तारबाबू. महिन्यापूर्वी मला बघायला आला होता. मुलीच्या हातचं गोड खाल्लं तर ती पसंत, बशी तशीच ठेवली तर नापसंत, अशी आमच्याकडची रीत. मी साजूक तुपातला शिरा केला होता. त्यानं बशीला बोटसुद्धा लावलं नाही. जाताना मात्र दारात थांबून असं बघितलं, की तेव्हापासून मला धड झोप नाही. नापसंत करणाऱ्यानं तसं बघू नये, एवढं साधं कळू नये माणसाला?

"कुणाची?" त्यानं माझ्या पदराकडं बघत विचारलं.

"बाबांची. लय तहान लागायली त्यांना, लघवीला सारखं जायलेत. आन तुमी कुणाची आणलीत?"

"माझीच."

कंपौंडरनं काचेच्या नळ्यांतल्या निळ्या औषधात दोन्ही बाटल्यांतले थेंब टाकले आणि नळ्या दिव्यावर धरल्या. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, विटकरी होत गेला तर वाढत गेली. बाबांची नळी पिवळी झाली. त्याची हिरवी.

"तुमच्या बाबांचं, दिनकररावांचं, गोड बंद," कंपौंडर मला म्हणाला. "भाकरी, पालेभाजी, रोज पायी फिरणं. दर सोमवारी बाटली आणा."

मी उद्धवकडं वळले. "मंजे... त्या दिवशी शिरा..."

"एका घासानं मी मेलो नसतो," तो हळूच म्हणाला. "पण घास घेतला की होकार झाला. मामा म्हणायलते, लग्न झाल्यावर सांगू. मला न्हाई जमलं. रोज सुई टोचून घ्यावी लागते मला, दवा हैदराबादहून गाडीनं येते. तुमाला फसवायचं कसं?"

"तोंडानं सांगता येत न्हवतं?"

"सांगणार होतो... तुमी समोर आलात आन राहिलं."

माझे कान तापले. रागावायचं होतं मला, पण राग कुठं गेला कोण जाणे!

मग सोमवारची वाट बघणं सुरू झालं. मंगळवारपासूनच. घरात जीव लागेना. बाबांना फिरायला नेण्याच्या निमित्तानं मी रोज त्यांना स्टेशनाकडंच वळवायची. तारघराची खिडकी उघडी दिसली की पाय हळू पडायचे.

एका सोमवारी बाबांची नळी विटकरी झाली.

"घरात पहारा न्हाई वाटतं?" उद्धव गालातल्या गालात हसला.

"पहारा हाय. चोर घरातलाच हाय. लाडू पळवतो."

"लक्ष ठेवा मग चोरांवर."

"कुणाकुणावर ठेवू?"

त्याच्या हातातलं बूच खाली पडलं, ते शोधायला त्याला फार वेळ लागला.

पुढच्या सोमवारी तो आलाच नाही. पुरानं रूळ खचलेत, हैदराबादची गाडी अडकलीय, असं कळलं. त्याची दवा त्याच गाडीत होती! मी बाबांना घेऊन फलाटावर गेले. तो बाकावर बसला होता, ओठ कोरडे, चेहरा उतरलेला. तांब्याभर पाणी त्यानं एका दमात संपवलं. बाबा त्याच्याशेजारी बसून राहिले. मी फलाटावर येरझाऱ्या घालत होते. गाडी आली, दवेचं पुडकं त्याच्या हातात पडलं, तेव्हा कुठं माझे पाय थांबले.

"बघितलंत?" तो म्हणाला. "असं हाय माझं."

"बघितलं. आता तुमी पुन्हा एकदा मला बघायला या."

"पद्मजा, रोजची सुई..."

"टोचायला शिकीन मी. तुमी याल का न्हाई, ते सांगा!"

घरी आई रडली. बाबांनी मात्र हरकत घेतली नाही. पिवळ्या नळीच्या माणसानं हिरव्या नळीच्या जावयाला नावं कशी ठेवावीत?

तो आला, मामाला घेऊन. मी बशी पुढं केली. ज्वारीचं धपाटं आणि मिरचीचा ठेचा.

"गोड न्हाई?" मामा चक्रावले.

"आमच्या घरात गोड बंद हाय," बाबा म्हणाले. "धपाट्यालाच गोड माना."

उद्धव बशीकडं बघत राहिला. हात पुढं येईना. पुन्हा तसंच उठून जातो की काय हा?

"नीट विचार केलात ना?" त्यानं मलाच विचारलं, सगळ्यांदेखत.

"मी केला. ठेचा लय तिखट हाय, तुमी करा."

त्यानं घास मोडला. मग दुसरा... तिसरा. नाका-डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तरी तो थांबेना. बशीतला शेवटचा कण बोटानं टिपून खाल्ला आणि रिकामी बशी माझ्यापुढं धरली.

"आणखी वाढू का?" आईनं विचारलं.

"तुमी न्हाई," तो माझ्याकडं बघत म्हणाला, "त्यांना वाढू द्या."