दीड चौकोन

"हलू नका! अजिबात हलू नका—"

ती जागच्या जागी थिजली. एक पाय दोरीत अडकलेला, सॅक खांद्यावरून घसरलेली. साप असणार, दुसरं काय! झाडाआडून एक उंच तरुण धावत आला आणि तिच्याकडे ढुंकूनही न बघता त्यानं आधी दोरी सोडवली, मग उखडलेली खुंटी पुन्हा ठोकली.

"सकाळपासून हा मोजणीचा चौक आखतोय," तो म्हणाला. "तुम्ही एका पावलात निम्मा गुंडाळलात."

"आणि मी पडले असते तर?"

"तुम्ही उठला असतात. चौक कोणी उठवायचा?"

अशी पहिली भेट! खरं तर या डोंगरावर तिचं कामच नव्हतं. देशात जंगल किती उरलंय याची दर दोन वर्षांनी मोजणी व्हायची. ती शहरातल्या कचेरीत बसून उपग्रहाच्या फोटोंवर मोजायची, तो झाडांखाली उभा राहून. त्याच्याबरोबर मोजायची फीत धरणाऱ्या काकांचा गुडघा धरला, म्हणून कचेरीतल्या मॅडमनी तिलाच पाठवलं. "जा पंधरा दिवस. खिडकीबाहेरचं झाडसुद्धा तू पडद्यावरच बघतेस."

दुपारपर्यंत त्यानं तिचं बारसं करून टाकलं— आभाळकर बाई. मग तिनंही त्याला मातीकर करून टाकलं. फिटंफाट.

त्याच्याकडे हातात मावेल एवढा फुगीर आरसा होता, त्यावर चोवीस चौकोन आखलेले. आरसा पोटापाशी सपाट धरायचा, मान खाली घालायची आणि डोक्यावरच्या पानांनी किती चौकोन भरलेत ते मोजायचं.

"आभाळ बघायला मान खाली?" तिला हसूच आलं.

"बरं असतं. खाली बघणारा दोरीत अडकत नाही."

ती बघायला वाकली. इवलंसं जंगल त्या आरशात लुकलुकत होतं... आणि त्याच्या बाहीला चिरडलेल्या पाल्याचा वास येत होता. मग प्रत्येक चौकात ती वाकून बघू लागली. शिकायला नको का? पंधरा दिवसांत चौदा चौक झाले, आणि डबा खाताना चौदा भांडणं. कारण तिच्या फोटोंवरून हा डोंगर सदतीस टक्के झाकलेला होता, आणि त्याच्या आरशात भरत होते त्रेचाळीस.

"तुमच्या उपग्रहाला चष्मा लागलाय."

"आणि तुमच्या आरशाला गर्व झालाय!"

पण चाळिसाच्या वर ते दाट आणि खाली ते विरळ, असा नियम होता. विरळ ठरला तर डोंगरावरची तोड थांबणार होती, नवी रोपं लागणार होती. दाट ठरला तर पुढची दोन वर्षं इकडे कोणी फिरकणार नव्हतं.

ती परतल्यावर आठवड्यानं तो फॉर्मांचा गठ्ठा घेऊन कचेरीत आला. मॅडमनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले.

"दोघांपैकी एकाचं चुकतंय. सोमवारपर्यंत कोणाचं ते सांगा. नाहीतर आरशाचा आकडा छापायला जाईल."

दोघांनी लांब टेबलावर फॉर्म पसरले. काकांबरोबर मोजलेल्या शेजारच्या डोंगराचे सगळे आकडे फोटोंशी तंतोतंत जुळत होते. तिच्याबरोबर मोजलेल्या चौदा चौकांत मात्र प्रत्येक ठिकाणी पाच-सहा टक्के जास्त.

"म्हणजे एक-दीड चौकोन," ती पुटपुटली. "माझ्या पायगुणानं झाडं वाढली की काय?"

तो फॉर्मवरून मान वर काढेना. त्याचे कान मात्र लालबुंद झाले होते.

"काय झालं?"

"तुम्ही आरशात वाकून बघायचात. तुमचं डोकं... म्हणजे केस... दीड चौकोन झाकायचे. मी ते झाडात धरत गेलो."

"इतकी वर्षं मोजताय, आणि कळलं नाही?"

"मोजताना पानांकडे बघायचं असतं." तो फॉर्मच्या कडा सारख्या करत राहिला. "मी बघत नव्हतो."

तिला हसू फुटलं... आणि लगेच तिचं लक्ष फॉर्मवरच्या रिकाम्या रकान्याकडे गेलं. "हे असं लिहिलंत तर पुढच्या मोजणीला घेणार नाहीत तुम्हाला. आरशाला तडा गेला असं लिहा ना!"

"आरशाचा काय दोष? आणि तडा गेला म्हणून आकडा वाढला, हे मॅडमना पटेल?"

त्यानं पेन उघडलं आणि 'कारण' या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं— मोजणीदाराचं लक्ष नव्हतं.

मॅडमनी वाचलं. "लक्ष कुठे होतं?"

तो छताकडे बघत होता, ती जमिनीकडे. मॅडमनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"असं होय! शनिवार-रविवार सुट्टी रद्द. चौक आखलेले आहेतच, चौदाही आरशात पुन्हा मोज. आकडे जुळले तर तुझ्या पुढच्या कामाचं बघू. आणि हिला घेऊन जा, पण लांब उभी कर."

ती लांब उभी राहिली. मोजून दहा पावलं. तो ओरडून आकडे सांगायचा, ती लिहून घ्यायची. छत्तीस... अडतीस... सदतीस. रविवारी ऊन कलताना चौदावा चौक संपला. तिचाच आकडा खरा ठरला होता, पण तिला आनंद होईना. फोटोत जे फिकट ठिपके होते, ते इथून बघताना नुसतं उघडं आभाळ होतं.

"एवढं तोंड नका पाडू," तो हाक मारून म्हणाला. "रोपं लागतील आता. तुमच्यामुळे." आणि जरा थांबून, "मोजणी संपली. आता... जवळ यायला हरकत नाही."

ती आली. आरशावर वाकली. या वेळी तोही वाकला. छोट्या छोट्या चौकोनांत दोन चेहरे, एकमेकांना खेटून.

"आता किती भरले?"

"सगळे. आभाळ दिसतच नाही."

"मग हा आकडा लिहायचा कुठे?"

"लिहायचा नाही." त्यानं तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. "तुझ्या आईला सांगायला येऊ?"

ती आरशातूनच त्याच्याकडे बघत राहिली.

"ये. पण तयारीनं ये हं. आई माणूस डोक्यापासून पायापर्यंत मोजते, आणि तिच्याकडे फेरमोजणी नसते."

तो इतका हसला की आरसा हलला, चोवीस चौकोन थरथरले... आणि तो सरळ धरायला तिनं आपला हात अलगद त्याच्या हाताखाली नेला.