डुलकीच्या वेळी येणारे मेल

"आज पाच वाजता मला काढतील," लियाओ म्हणाले. ताइचुंगच्या एका स्क्रूच्या कारखान्यात सव्वीस वर्षं त्यांनी विक्री सांभाळली होती. "तीन परदेशी ऑर्डरींचे मेल पोचलेच नाहीत. मालक म्हणतात, म्हाताऱ्याला मेल उघडता येत नाही."

"एकही येत नाही?" गुप्तहेर गान सू-फेनने विचारलं.

"येतात, पण फक्त साडेबारा ते एकमध्ये आलेले."

"तार कुजली असणार," तिचा मदतनीस बो-हान म्हणाला.

कचेरीत संगणक सांभाळणारा जुआंग चिडला. "याच जुन्या तारेवर बाकी सातांचे मेल येतात. ही यंत्रं सुरू व्हायला दहा मिनिटं घेतात, म्हणून दिवसभर कुणी बंद करत नाही."

शेजारच्या टेबलावरचा यान हसला. "गुरुजींनीच मला मेल शिकवला, त्यांचाच पासवर्ड वापरून. आता तेच विसरले. सकाळी कचेरी मी उघडतो, तरी त्यांचं यंत्र मलाच चालू करून द्यावं लागतं."

साडेबाराला रोजच्या डुलकीसाठी दिवे मालवले गेले. सगळ्यांनी टेबलावर डोकी टेकली. अंधारात यंत्रांचे पंखे घरघरत होते. यानने आपलं यंत्र बंद केलं आणि तोही झोपला.

एक वाजता गानने मालक झान यांना बोलावलं.

"इथला मेल म्हणजे टपालपेटीतलं पत्र; एका यंत्रानं उतरवला की पेटीतून जातो. पेटीला दोन किल्ल्या असल्या, तर आधी येणारा पत्र नेतो. दुसऱ्याला पेटी रिकामी दिसते."

"पण तार..." बो-हान म्हणाला.

"तार बिघडली तर पत्र उशिरा येतं, रे. नाहीसं होत नाही. रात्री आलेली पत्रं सकाळी पहिला येणारा नेतो. दिवसभरातली त्याचं यंत्र नेतं. फक्त ते बंद असताना लियाओंना मिळतात. आणि त्यांचा पासवर्ड दुसऱ्या एकालाच ठाऊक आहे."

जुआंगने यानचं यंत्र सुरू केलं आणि दहा मिनिटांनी त्यातले मेल उघडले. तिन्ही ऑर्डरी तिथे होत्या.

"दुपारी बंद का करायचास?" लियाओंनी हळूच विचारलं.

"त्याच्या पंख्याच्या आवाजानं तुमची झोप मोडायची, गुरुजी."

झान यांनी तिन्ही ऑर्डरी वाचल्या. मग राजीनाम्याचा कागद लियाओंपुढे सरकवला.

"याला चोरी एकट्याला जमली. तुम्हाला ती कळायला बाहेरची माणसं लागली. सही इथे करा. यान, त्या गिऱ्हाइकांना उत्तरं लिही."

यान लिहायला बसला.